खरखरीखालचा हूं

१

संध्याकाळचे साडेसहा वाजले की तुळजाबाईची तीन कामं ठरलेली. रेडिओ खिडकीत ठेवायचा, पेजेची वाटी मांडीवर घ्यायची, आन् डाव्या हाताचा तळवा नवऱ्याच्या गळ्यावर टेकवायचा. नवं माणूस दारात आलं की त्याला वाटायचं, म्हातारी म्हाताऱ्याचा गळा दाबाया बसली. तुळजाबाई म्हणायची, "दाबायचाच असता तर लग्नाच्या वर्षी दाबला असता. आता काय चव हाय त्यात?"

गेल्या शिमग्याला सोपानरावाच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. तोंडात राहिलं ते एवढंच, "हूं." शिरूरच्या डॉक्टरनं तुळजाबाईचा हात धरून म्हाताऱ्याच्या गळ्यावर ठेवला आन् सांगितलं, "आज्जी, आवाज निघाला की इथं थरथर लागते. थरथर लागली की मगच घास द्यायचा. गळा चालता ठेवा. आवाज बंद पडला की गिळणं बंद पडेल, मग नाकातनं नळी. आणि या वयात नळीनंतरचं मी काय सांगू?"

आता हूं काढायचा कसा? तुळजाबाईनं आधी सोता बोलून बघितलं. शेजारणीच्या चहाड्या सांगितल्या, सुनंच्या कागाळ्या सांगितल्या. म्हातारा आढ्याकडं बघत पडून राहिला. मग एक दिवस तिनं कंटाळून ट्रान्झिस्टर लावला. पुण्याच्या केंद्रावर बाई शेतीचं सांगत व्हती. "कांद्यावर करपा दिसू लागला असेल तर..." आन् तिच्या तळव्याखाली मांजर गुरगुरावं तसं झालं.

"हूं."

"घ्या!" तुळजाबाई म्हणाली. "बायको पन्नास वर्सं बोलती ती वाया, आन् करप्याला हूं!" पर तिनं चमचा सारला आन् घोट खाली उतरला. बाई बोलायची, म्हातारा हूं करायचा, ही चमचा द्यायची. बातम्या लागूस्तर वाटी रिकामी. सुनंनं मोबाईलवर असलंच कायबाय लावून बघितलं, तर त्यानं डोळं मिटून घेतलं. त्याला त्योच रेडिओ पायजे आन् तीच बाई पायजे. थेरडा मरायला टेकला तरी निवड मोठी.

दिवाळीला बिबट्यानं वस्तीवरचं कुत्रं न्हेलं. भीमेच्या काठाला ऊस दाट, त्यात ते जनावर पोरंबाळं घेऊन राहायचं. रोहिदास, म्हंजी तुळजाबाईचा लेक, शिक्रापूरला खोली घेऊन कंपनीत कामाला. त्याला लांब बसून लई काळजी. पुढच्या रविवारी तो गाडीभर सामान घेऊन आला. घराच्या चारी कोपऱ्यांना पांढरे लखलखीत बल्ब. कॅमेरा. इन्व्हर्टर. आन् कुंपणाच्या तारेत झटका सोडायचं मशीन.

त्या संध्याकाळी तुळजाबाईनं रेडिओ लावला. बाई न्हाई, करपा न्हाई. नुसती खर्रर्रर्र, आन् त्या खरखरीत घड्याळासारखं टक... टक... टक.

सोपानरावानं तोंड भिंतीकडं केलं. चार दिवस हूं न्हाई. पाचव्या दिवशी पेज नाकातनं भाईर आली आन् म्हातारा निळा पडस्तर खोकला.

२

"सारिका, ते बल्ब बंद कर."

"आत्या, बिबट्या यील."

"यिऊ दे. त्याला म्हणावं बस, बातम्या ऐक."

सून ऐकंना. मग तुळजाबाईनं आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं. पहिल्यांदा सुनंच्या मोबाईलचा चार्जर गायब झाला. तो खोवला की रेडिओत माशा भणभणायच्या.

"आत्या, चार्जर बघितला का वो?"

"उंदरानं न्हेला."

"उंदराला चार्जर कशाला?"

"त्याचाबी मोबाईल आसंल. मला काय ठावं?"

चार्जर बाजरीच्या डब्यात सापडला. दुसऱ्या दिवशी एक बल्ब गायब झाला, तो कोंबड्यांच्या खुराड्यात अंड्याशेजारी निघाला. तिसऱ्या दिवशी टीव्हीचा डबा बंद पडला आन् त्याच्या वायरीवर दातांच्या खुणा दिसल्या. तुळजाबाईला वरचे दोनच दात, आन् खुणाबी दोनच. सारिकानं कपाळाला हात लावला आन् रोहिदासला फोन केला. रोहिदासनं नवनाथला पाठवलं.

नवनाथ पाबळला इलेक्ट्रिकचं काम शिकलेला. शिक्रापूरच्या चौकात त्याचं दुरुस्तीचं दुकान. पोरगा शांत, पर तुळजाबाईनं आल्या आल्या त्याला सांगितलं की रेडिओ बंद झाल्यापास्नं म्हस आटली, तिलाबी शेतीची बाई लागती. त्यानं भाबडेपणानं गोठ्यात रेडिओ न्हेऊन ठेवला. घटकाभर म्हशीपुढं बसला बिचारा, तवा कुठं त्याला सारिकाचं हसणं ऐकू आलं.

पर कामाला पक्का. त्यानं आधी मेन स्विच आन् इन्व्हर्टर दोन्ही पाडलं. खरखर गेली. मग एक-एक वस्तू चालू करत गेला. "मावशी, ऐका. हा फ्रीज, ह्याचं काय न्हाई. हे बल्ब, ह्यांच्या पोटात हलक्यातलं सर्किट हाय, ते वराडतं. हा इन्व्हर्टर, ह्यो गुणगुणतो." त्यानं पिशवीतनं खरखर गिळणाऱ्या काळ्या जाडजूड बांगड्या काढल्या आन् दर वायरीला तीन-तीन येढं देऊन त्यातनं ओवून घेतलं. बल्ब बदललं. वाळून ठाण झालेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं. कुंपणाची तार गवताला टेकत व्हती तिथनं बारीक ठिणगी उडायची, तीच ती टकटक. गवत कापलं, टकटक मेली.

मग त्यानं रेडिओ दोन्ही हातांत धरला आन् ताटासारखा हळूहळू फिरवला. "ह्याच्या पोटात आवाज पकडणारी काळी कांडी हाय, वीतभर. तिचं टोक आवाजाच्या वाटंला सरळ केलं की तो आवाज मरतो. परत खरखर आली तर असं फिरवत जायचं. जिथं मरंल, तिकडं चोर बसलाय."

"म्हंजी नवऱ्यासारखंच," तुळजाबाई म्हणाली. "तोंड वळवून बसला की कळतं, कुणावर राग हाय."

संध्याकाळी साडेसहाला तिनं रेडिओ लावला. खरखर न्हाई, माशा न्हाईत, टकटक न्हाई. रेडिओ इतका सोच्छ की बाईच्या कागदाचा आवाज यावा. "शेतकरी बंधूंनो, उसाला पाण्याची पाळी देताना..."

"हूं."

"आलात का घरी!" तुळजाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं झटक्यात चमचा भरून त्याच्या तोंडात सारला.

पेज व्हटाच्या कडंनं ओघळून दाढीत गेली.

मग तिला कळलं. डावा तळवा गळ्यावर व्हता, आन् तो तसाच गप व्हता. थरथर न्हाई. म्हाताऱ्याचा गळा पालथ्या घागरीसारखा गार.

"फुटव्याच्या वेळी पाणी कमी पडू देऊ नका," बाई म्हणाली.

"हूं," रेडिओ म्हणाला.

३

तुळजाबाई काय येडी न्हाई. तिनं इचार केला की बाईसमोर कुणी शेतकरी बसलेला आसंल. बोलवत्यात की अधनंमधनं बक्षीस मिळालेल्यांना. तो हूं हूं करत आसंल.

सकाळी तिनं बातम्या लावल्या. बातम्या सांगणाऱ्यापुढं शेतकरी कशाला बसंल? "...धरणातला पाणीसाठा..." "हूं." "...वाहतूक दुपारपर्यंत बंद..." "हूं." आन् हूं झाल्यावर चक् असा बारका आवाज, दाढंत अडकलेलं सुपारीचं खांड जिभंनं काढावं तसा. जगात हूं सगळेच करत्यात. पर असा हूं करून चक् करणारा एकच माणूस, आन् तो खाटंवर तोंड मिटून पडलेला.

तिनं मेन स्विच पाडला. हूं. इन्व्हर्टरची वायर काढली. हूं. रेडिओचं सेल काढून धुतलेल्या फडक्यानं पुसलं, परत घातलं. हूं, चक्.

"ह्या रेडिओच्या बयाला," ती म्हणाली आन् तिनं नवनाथला फोन लावायला सांगितलं.

नवनाथ आला. रेडिओ लागला, हूं आला, आन् नवनाथचं तोंड उजळलं. "मावशी, आबा हूं करायला लागलं की!"

"आबा न्हाईत मुडद्या, रेडिओ करतोय."

"बरं बरं."

"गळ्याला हात लावून बघ."

त्यानं लावला. नेमकं त्या घडीला रेडिओतली बाई गाणं लावून गप बसली आन् हूं आलाच न्हाई. नवनाथ हसत उठला. "मावशी, मागच्या येळंला म्हशीपुढं बसवलं. आता आबाच्या गळ्याला हात. पुढच्या येळंला काय, इहिरीत उतरू?"

सारिकाचं तेच. तिनं तर रोहिदासला फोन करून सांगितलंबी, "मामा चांगले हूं हूं करायला लागलेत." तुळजाबाई मागनं वराडली, "खोटं हाय, त्याला म्हणावं डॉक्टरला घेऊन ये!" सारिकानं फोनवर हात ठेवला. "आत्या, सगळ्याची चेष्टा करा, पर ह्याची नका करू. तुमचा पोरगा तिकडं रडतोय आनंदानं."

आता सांगा. सगळं आयुष्य लोकास्नी फसवण्यात गेलं, आन् एकदा म्हणून खरं बोलायला गेली तर ऐकायला कोण न्हाई. तुळजाबाईचा असा तिळपापड झाला की तिनं रागारागानं दोन दिवस कुणाची खोडीच काढली न्हाई. सारिकाला वाटलं, सासूला ताप आलाय.

आन् इकडं वाटीतली पेज वाटीत. सकाळी तीन चमचं, संध्याकाळी दोन. तेबी तोंडात ठेवून घ्यायचा, गिळायचा न्हाई. हाताचं हाड मनगटापाशी वर आलेलं. तुळजाबाई गळा चोळायची, कानात वराडायची, चिमटं काढायची. तो आढ्याकडं बघत पडलेला. पहिल्यानं बघायचा ते नुसतं. आता ऐकल्यासारखं बघायचा.

४

दुपारी तीनच्या सुमाराला पुण्याचं केंद्र घटकाभर बंद असतं. तवा रेडिओत कोणच नसतं, नुसता वारा सुटल्यासारखा आवाज. सारिका धुणं घेऊन मोटरीवर गेलेली. तुळजाबाईनं रेडिओ मांडीवर घेतला आन् तोंड जाळीजवळ न्हेलं.

पन्नास वर्सांचा जुना खेळ व्हता तो. सोपानराव जेवायला बसायचा आन् ही बोलायला. त्याचं ध्यान भाकरीत. ध्यान हाय का न्हाई ते बघायला ही काय वाट्टेल ते सोडायची.

"आवं," ती जाळीला म्हणाली, "म्हस उडून गेली."

वारा घोंगावला. मग, "हूं." चक्.

तिच्या अंगावर काटा आला, आन् हसूबी आलं. दोन्ही एकदम. "इहिरीत हत्ती पडलाय."

"हूं."

"सारिकाला शिंगं फुटली. दोन. डाव्या बाजूचं जरा मोठं हाय."

"हूं."

"मेल्या, ऐकतोस का नुसता हूं हूं करतोस?" आन् म्हातारी पदर तोंडात कोंबून हसली. किती दिवसांनी नवरा घरात आल्यासारखा वाटला. तिनं त्याला सांगितलं, तलाठ्यानं गाढवाच्या नावावर सात-बारा केला. तिनं सांगितलं, मीच दुसरं लगीन करतीय, नवरदेव वरवंडचा. हूं. हूं. अर्धा तास असा गेला. खाटंकडं आपली पाठ हाय, हे तिच्या ध्यानातबी आलं न्हाई.

मग तिला दम लागला. पाणी प्यायला ती उठली. तांब्या तोंडाला लावला आन् मागनं आलं, "हूं."

ती थांबली. ती तर काय बोललीच नव्हती.

"हूं," परत आलं. मग थोडं थांबून, "हूं." परत थोडं थांबून. चक्.

तुळजाबाईनं तांब्या खाली ठेवला. शेतावर राखणीला माणसं बसली की एकजण गोष्ट सांगतो आन् एकजण हूं देतो. हूं आला की सांगणारा पुढं सरकतो. हूं आला न्हाई की ओळखायचं, ऐकणारा गेला झोपून, मग गोष्ट तिथंच थांबवायची. पोरासोरालाबी हे ठावं. आन् दोन हूंच्या मधलं अंतर कसं असतं, तेबी कानाला ठावं असतं. वाक्याएवढं. कवा आखूड वाक्याएवढं, कवा लांब.

हे हूं तसंच पडत व्हतं. आखूड. लांब. लांब. आखूड.

तिकडं कुणीतरी त्याला सांगत व्हतं. त्याचं बोलणं रेडिओत येत नव्हतं, याचं हूं तेवढं येत व्हतं. आन् मगाशी म्हस उडाली, हत्ती पडला, त्यालाबी हा हूं म्हणला का दुसऱ्याच कशाला, कोण जाणे.

ती खाटंपाशी गेली, गळ्यावर हात ठेवला. गार. डोळं उघडं. ऐकणाऱ्या माणसाची मान जरा एका अंगाला कलती, तशी मान कललेली.

"कोण हाय?" तिनं विचारलं. "आवं, कोण सांगतंय तुमास्नी?"

सोपानरावानं तिच्याकडं बघितलं न्हाई. गोष्टीत मधीच कुणी बोललं की त्याला पहिल्यापास्नं आवडत नव्हतं.

५

गुरुवारी लाईनच्या कामासाठी सकाळपास्नं संध्याकाळच्या चारपर्यंत सगळ्या भागातली लाईट बंद. नदीअल्याड बंद, पल्याड दौंडच्या बाजूलाबी बंद. मोटरी गप, गिरणी गप, दहा वस्त्यांचे दहा फ्रीज गप. अशा दिवशी रेडिओ कधी न्हाई इतका निवळशंख. सारिका सकाळीच माहेरी वरवंडला गेलेली, चारच्या येष्टीनं येणार व्हती.

म्हाताऱ्यानं सकाळपास्नं एक चमचाबी गिळला नव्हता.

दुपारी केंद्र बंद झालं आन् हूं सुरू झाला. कालच्यापेक्षा बारीक. तुळजाबाईनं कान लावला, मग तिला एकदम राग आला. भीती वाटायच्या आधी तिला नेहमी रागच यायचा. "चोर कुठं बसलाय ते तरी बघते," म्हणत तिनं रेडिओ दोन्ही हातांत धरला आन् नवनाथनं दाखवला तसा ताटासारखा फिरवला. हूं... हूं... फिरवत फिरवत एका जागंला हूं मेला.

टोक खाटंकडं नव्हतं. खाटंच्या उशाच्या भिंतीकडं व्हतं.

ती भाईर अंगणात आली. ऊन मी म्हणत व्हतं. कोंबड्यासुद्धा सावलीला मुकाट. परत फिरवला. टोक उसाकडं. ती गोठ्याच्या कोपऱ्याला गेली, फिरवला. टोक उसाकडंच, पर जरा सरकलेलं. नदीच्या अंगाला. दहा पावलं चालून परत. आणखी सरकलेलं. खरं वाटंना म्हणून तिनं तीनदा फिरवून बघितलं. पर दर येळंला टोक नदीकडं जरा जरा सरकलेलं, आन् हूं मगापेक्षा बारीक.

बसलेला नव्हता चोर. चालत व्हता.

उसाच्या दोन फडांमधनं पाणंद नदीला जाती. तुळजाबाई तिच्या तोंडाशी जाऊन थांबली. पुढं जायची हिंमत झाली न्हाई, खोटं कशाला सांगा. तिथनं तिनं बघितलं.

पाणंदीच्या पार टोकाला धोतर दिसलं. पाठमोरं. उजवा पाय जरा फेकत टाकायची वारं जायच्या आधीची ती चाल तिनं पन्नास वर्सं दारातनं बघितलेली. पाय दोन्ही चांगलं चालत व्हतं. मान एका अंगाला कललेली. नुसती कललेली न्हाई. खाली वाकवलेली. उंच माणूस बारक्या पोराचं ऐकायला वाकतो, तशी.

त्याच्या शेजारी कोण न्हाई. उसाची पानं तेवढी हालत व्हती. वरची पानं सरळ उभी, वारा नव्हताच. हालत व्हती ती खालची, गुडघ्याएवढ्या उंचीची. त्याच्या पावलाबरोबर पुढं पुढं.

बिबट्या, तिच्या मनात आलं, आन् तिला जरा बरंच वाटलं, की बिबट्या असंल. पर बिबट्याशेजारनं माणूस मान वाकवून चालतो का? आन् मधनंमधनं मान डोलावतो का?

धोतरवाल्यानं मान डोलावली.

"हूं," तिच्या हातातला रेडिओ म्हणाला.

तिनं वराडायला तोंड उघडलं, "आवं" म्हणायला. त्या खालच्या पानांचं हालणं थांबलं. तिचा आवाज निघाला न्हाई, तरी थांबलं. मग पानं हळूच फाकली, तिच्या अंगाला.

तुळजाबाईनं पाठ फिरवली आन् पळाली. बहात्तराव्या वर्षी लुगडं गुडघ्यावर धरून पळाली.

६

खाटंवर सोपानराव व्हता. डोळं तेच, पर बघणं गेलेलं. नाकाशी हात धरला तर वारा हाय का न्हाई, कळंना. खिडकीत ठेवलेल्या रेडिओत हूं आता मुंगीएवढा. नदी जवळ आली आसंल.

काय सांगून माघारी बोलवणार? पन्नास वर्सांत जे सांगितलं ते सगळं खोटं. खऱ्या गोष्टीसाठी तिच्याकडं आवाजच नव्हता. ती खाटंच्या कठड्याला धरून उभी राहिली आन् मग तिच्या टकुऱ्यात आलं. माझं ऐकणार न्हाई तो. पर हूं ऐकू आला न्हाई तर सांगणारा थांबतो.

तेवढ्यात फ्रीज घरघरला. चार वाजले व्हते. लाईट आली.

तुळजाबाईनं विळी घेतली आन् वायरींवरच्या काळ्या बांगड्या उपसायला लागली. निघंनात त्या कापल्या. नवनाथनं काढून ठेवलेलं जुनं बल्ब माळ्यावरनं वढलं आन् बसवलं. इन्व्हर्टर लावला. सुनंचा चार्जर खोवला. टीव्हीचा डबा लावला. मिक्सरात काय नव्हतं, तसाच फिरवला. मागल्या दारानं जाऊन कुंपणाच्या तारंवर गवताचा भारा टाकला, ठिणग्या उडाल्या. मग घरात येऊन तिनं रेडिओचा आवाज व्हईल तेवढा मोठा केला.

खर्रर्रर्र. भणभण. टक टक टक. भांडी थरथरली. पाच मिनटं, दहा मिनटं. त्या खरखरीखाली हूं हाय का न्हाई, आता देवालाबी ऐकू आलं नसतं.

ती पेजेची वाटी घेऊन खाटंच्या काठावर बसली. डावा तळवा गळ्यावर.

किती येळ गेला ठाऊक न्हाई. मग तळव्याखाली मांजर गुरगुरलं.

"हूं."

रेडिओत न्हाई. गळ्यात. खरी थरथर, तिच्या हाडापर्यंत आली. ती रडली का हसली तिलाच ठावं. चमचा सारला. घोट खाली उतरला. "हूं." दुसरा उतरला. "हूं." तिसरा. चक्.

"आत्या, हे काय मांडलंय! घर पेटवताय का?" सारिका पिशवीसकट दारात उभी. मग तिचं खाटंकडं ध्यान गेलं. "अगं बया. मामा खात्यात!" तिनं पिशवी टाकली आन् मोबाईल काढला. "आत्या, हालू नका. रोहिदासला दाखवते. मामा, इकडं बघा. मामा, हूं म्हणा."

"हूं," सोपानराव म्हणाला.

पर सारिकाला न्हाई. तिचं म्हणून व्हायच्या आधीच म्हणाला. मग थोडं थांबून, "हूं." आणखी थोडं थांबून. आखूड. लांब. लांब.

तुळजाबाईचा चमचा वाटीतच थांबला. रेडिओत नुसती खरखर, बाई न्हाई, बातम्या न्हाईत. ती बोललेली न्हाई, सून गप उभी राहून फोन धरतीय.

म्हाताऱ्याची मान एका अंगाला कललेली व्हती. तो तिच्याकडं बघत नव्हता, सारिकाकडं बघत नव्हता. खाटंच्या काठावरनं खाली, तुळजाबाईच्या पायांजवळच्या फरशीकडं बघत व्हता. एवढं मन लावून त्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नसंल. मधी चमचा आला तर तोंड उघडून घोट घेत व्हता आन् परत कान देत व्हता.

गळा चालता व्हता. पेज उतरत व्हती. अर्धी वाटी संपली व्हती.

"आत्या, थांबू नका की, द्या," सारिका म्हणाली. "हसा जरा."

तुळजाबाईनं पुढचा चमचा भरला. दोन्ही पाय, हळूच, आवाज न करता, वर खाटंवर घेतलं.